वाळू विकून पाणी घेणारं गाव

कास झालं, पाचगणी झालं, महाबळेश्वर तर दर वर्षीच होतं. या वेळी गाडी सातारा-सांगलीच्या उलट्या बाजूला वळवली. तिकडे धबधबा नाही, मॅप्रो नाही, स्ट्रॉबेरी विथ क्रीम तर नाहीच नाही. एक कोरडी नदी आहे आणि तिच्या काठावर बलवडी नावाचं एक गाव.

तुम्ही आत्ता जिथे बसून हे वाचताय ना, तिथल्या भिंतीत एक नदी आहे. हसू नका, खरंच आहे. साधा वन बीएचके उभा करायचा तर सात-आठ ब्रास वाळू सहज लागते, असा कॉन्ट्रॅक्टर लोकांचा ढोबळ हिशेब असतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हल्ली क्रश सँड आलीय, पण तुमची बिल्डिंग पंधरा-वीस वर्षांची असेल तर ती वाळू कुठल्या तरी नदीच्या पोटातून ट्रकमध्ये बसून तुमच्याकडे आली असणार. कुठल्या नदीतून? पझेशनच्या दिवशी आपण पार्किंग विचारतो, पाण्याचं प्रेशर विचारतो, फार तर वास्तू विचारतो. नदी कोण विचारतं?

येरळा ही अशीच एक कुणी न विचारलेली नदी. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्याच्या डोंगरात ती उगवते, वडूजवरून खाली येते, सांगली जिल्ह्यात शिरते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. नकाशावर बघितली तर निळी रेघ. प्रत्यक्षात वर्षातले बरेच महिने ती पांढरट-पिवळ्या रंगाची असते. खडक, वेड्या बाभळी, मधूनच एखादं डबकं आणि डबक्यात म्हशी.

सह्याद्रीच्या पाठीमागे

शाळेत भूगोलात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ असा एक मार्क मिळवून देणारा शब्द होता, आठवतोय? तो शब्द बघायचा असेल तर कराडहून विट्याच्या रस्त्याला लागा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून उभी रेघ मारली आणि पूर्वेला माण, खटाव, खानापूर, आटपाडीकडे सरकलं, की तोच आकडा पाचशेच्या आसपास येतो. तोही पडला तर! जिल्हे तेच, पालकमंत्री तेच, पण एकीकडे छत्री मोडते आणि दुसरीकडे छत्रीचा उपयोग उन्हासाठी.

गाडीच्या खिडकीतून हा बदल अक्षरशः सिनेमासारखा दिसतो. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम, गर्द हिरवा ऊस, उसाच्या ट्रॉल्या, साखर कारखान्याचा तो गोडूस वास. मग हळूहळू जमीन वर चढते, माती पातळ होते, माळ सुरू होतात. पूर्वी इथे शाळू, बाजरी, हुलगा यांच्यापलीकडे फार काही नव्हतं. हुलग्याचं माडगं हा माणदेशातला पदार्थ मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला तो एकदम हेल्थ फूड वाटला होता. ज्यांनी तो दुष्काळात रोज खाल्लाय त्यांच्यासमोर हे बोलायचं नाही, एवढं मी शिकलेय.

याच मुलखातल्या धनगरवस्तीवर व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ लिहिली. याच आटपाडीजवळ १९३९ साली औंध संस्थानाने कैद्यांसाठी भिंतीशिवायचा तुरुंग काढला, स्वतंत्रपूर. ‘दो आँखें बारह हाथ’ची गोष्ट तिथूनच आली आणि ती लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. पाऊस कमी पडतो म्हणून कल्पनाही कमी उगवतात असं अजिबात नाही.

कुठलं बलवडी?

विट्याच्या एसटी स्टँडवर ‘बलवडी’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं?’ कारण खानापूर तालुक्यात बलवडी दोन आहेत. एक खानापूरचं, एक भाळवणीचं. आपल्याला हवं ते कंसातल्या भाळवणीचं, येरळेकाठचं.

गाव तुमच्या-माझ्या आजोळासारखंच. देऊळ, पार, दूध डेअरी, शाळा, फ्लेक्सवर वाढदिवसाचे ‘भावी’ अमुक आणि ‘युवा’ तमुक. जुनी मातीची घरं आणि त्यांना खेटून अचानक दुमजली, ग्रॅनाइटच्या खांबांचे बंगले. त्या बंगल्यांकडे मी नंतर येईन, कारण त्यांची स्टोरी वेगळीच आहे. आधी नदी.

१९८० च्या दशकात या भागाला दुष्काळाने पिळून काढलं होतं. त्यात १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्यांतले कितीतरी याच सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातले. मनीऑर्डर बंद झाली आणि मनीऑर्डर पाठवणारा माणूसच गावी परत आला. करायचं काय? रोजगार हमीचं काम होतं, म्हणजे रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडणं. पण हे लोक युनियन बघून आलेले होते. दुष्काळात खडी फोडून पुढच्या दुष्काळात परत खडीच फोडायची, यात पॉइंट काय, असा त्यांनी सरळ सवाल केला. काम द्यायचंच तर दुष्काळ हटवणारं द्या!

यातून ‘मुक्ती संघर्ष’ ही चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर हे तिचे नेते. पेशाने डॉक्टर, पण प्रॅक्टिस सोडून चळवळीत आलेले. त्यांच्याबरोबर गेल ऑम्वेट. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये जन्मलेली, बर्कलेला सत्यशोधक चळवळीवर पीएच.डी. केलेली ही बाई वाळवा तालुक्यातल्या कासेगावात सून म्हणून आली, १९८३ साली भारतीय नागरिक झाली आणि २०२१ मध्ये गेली ती कासेगावातच. मास कॉमला असताना आम्हाला ‘फील्डवर्क’ नावाचा पेपर होता. त्या पेपरला हे उदाहरण कुणी का शिकवलं नाही, देव जाणे.

बलवडीतून या लढ्यात पुढे होते भाई संपतराव पवार, शेतकरी कामगार पक्षाचे कार्यकर्ते. सोबत लोकविज्ञान चळवळीतली मंडळी आणि कॉलेजची पोरं. या सगळ्यांनी गावोगाव फिरून विहिरी, पीक, पाऊस यांची माहिती गावकऱ्यांबरोबर बसूनच गोळा केली. म्हणजे आपण ज्याला प्रेझेंटेशनमध्ये ‘पार्टिसिपेटरी’ म्हणतो, ते. फक्त प्रोजेक्टरशिवाय.

वाळू म्हणजे टाकी

आता थोडं सायन्स. घाबरू नका, एवढंच आहे.

एका बादलीत काठोकाठ वाळू भरा आणि वरून पाणी ओता. भरलेल्या बादलीतही पाणी मावतं, आणि चांगलं पाव बादलीपेक्षा जास्त मावतं. वाळूच्या कणांमधल्या फटींत ते बसून राहतं. नदीच्या पात्रात पुरुषभर वाळू असेल तर ती नदी म्हणजे झाकण लावलेली टाकीच. वरून ऊन लागलं तरी आतलं पाणी फारसं उडत नाही. पूर येऊन गेला की वाळू ते पाणी धरून ठेवते आणि काठावरच्या विहिरींना हळूहळू पाजत राहते. जुनी माणसं सांगतात, उन्हाळ्यात पात्रात हातभर उकरलं की झरा लागायचा आणि बायका वाटीने घागर भरायच्या. वाटीने! आपल्याकडे टँकर अर्धा तास लेट झाला तर सोसायटीच्या ग्रुपवर युद्ध होतं.

वाळू काढली की काय होतं? टाकीच गेली. पूर येतो आणि उघड्या खडकावरून घसरत कृष्णेला जाऊन मिळतो. दिवाळीनंतर विहिरी खाली. शेतकरी आणखी खोल जातो, मग बोअर मारतो, मग आणखी खोल बोअर. वाळूचा ट्रक शहराकडे गेला तेव्हा त्यातून गावाचं पाणीही गेलेलं असतं, आणि त्याची पावती कुणी फाडत नाही.

पावती फाडली जाते ती फक्त वाळूची, तीही सरकारच्या नावाने. वाळू हे ‘गौण खनिज’. ती महसूल खात्याची आणि तिचा लिलाव होतो. ठेकेदार बोली लावतो, ट्रक लावतो, पात्र साफ करतो. ज्याच्या विहिरीचं पाणी आटतं त्याला ना पैसा, ना विचारणा.

बलवडीच्या आणि शेजारच्या गावच्या लोकांनी इथे जे डोकं लावलं त्याला सलाम. वाळू अजिबात विकूच नका, असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, थोडी वाळू आम्ही काढणार, आम्ही विकणार आणि त्या पैशातून याच नदीवर धरण बांधणार. ठेकेदार मध्ये नको. टाकीचा थोडा पत्रा विकून टाकीला बूड बसवायचं, तसं काहीसं.

सरकारला हे पचेना. एकतर गावकऱ्यांनी वाळू विकायची ही कल्पनाच फाइलमध्ये बसत नव्हती, आणि त्यात लोकांनी स्वतः धरण बांधायचं? मग मोर्चे, बैठका, पुन्हा मोर्चे. धरणासाठी धरणं! काही वर्षं हेच चाललं. धरणाच्या डिझाइनच्या कामात के. आर. दाते यांच्यासारखा मोठा इंजिनिअर मदतीला होता. अखेर परवानगी मिळाली. वाळूचे पैसे, श्रमदान आणि बाहेरच्या हितचिंतकांची मदत यांवर दशक संपता संपता धरण उभं राहिलं. नाव ठेवलं ‘बळीराजा स्मृती धरण’. पाडव्याला ओवाळताना आया-आज्या ‘इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात ना, तोच बळी. वामनाने पाताळात घातलेला, आणि महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त शेतकऱ्यांचा राजा म्हणून परत वर आणलेला.

एक प्रामाणिक सूचना. भाक्रा-नांगल डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर पोपट होईल. ही एक बुटकी भिंत आहे. दोन गावांची मिळून सुमारे ९०० एकर जमीन भिजवायची, एवढाच तिचा बेत होता. सेल्फी पॉइंट वगैरे काही नाही.

पाणी डोक्यावर मोजायचं

मला स्वतःला धरणापेक्षा जास्त भारी वाटली ती पुढची गोष्ट.

आपल्याकडे धरणाचं पाणी कुणाला मिळतं? ज्याच्याकडे जमीन आहे त्याला. ज्याच्याकडे जास्त जमीन त्याला जास्त पाणी, आणि ज्याची जमीन कालव्याच्या तोंडाशी त्याचं तर लॉटरीचं तिकीटच लागलेलं. बलवडीकरांनी ठरवलं की पाणी जमिनीच्या हिशेबाने वाटायचं नाही, माणसांच्या हिशेबाने वाटायचं. प्रत्येक घराला वाटा. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही वाटा. बायकांनाही हक्क. आणि उसाला पाणी नाही.

भूमिहीन माणूस पाणी घेऊन काय करणार, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. उत्तर सोपं आहे. पाण्याचा वाटा हातात असेल तर तो जमीनवाल्याकडे मजूर म्हणून जात नाही, भागीदार म्हणून जातो. तुझी जमीन, माझं पाणी, पीक वाटून घेऊ. कोरडवाहू जमिनीला पाण्याशिवाय किंमत काय?

ही कल्पना एकट्या बलवडीची नव्हती. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी ‘पाणी पंचायत’ सुरू केली. तिथे माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, आणि ऊस बंद, असा नियम होता. पण आपल्याच वाळूच्या पैशाने धरण बांधायचं आणि मग भूमिहीनांना त्यात हक्क द्यायचा, हे कॉम्बिनेशन मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

उसाचा एवढा राग कशाला, असं साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या मित्राने मला विचारलं. अरे, ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो आणि पाणी पीतच राहतो. एक एकर उसाच्या पाण्यात तीन-चार एकर शाळू आरामात निघतो. जिथे पाणी मोजून आहे तिथे एकाचा ऊस म्हणजे तिघांचा कोरडा माळ.

आबा, टेंभू आणि टिचभर सावली

मी गेले तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. शाळूची काढणी चाललेली, द्राक्षाच्या बागांवर कागद आणि जाळ्या. नदीकडे जाणाऱ्या वाटेवर, बाभळीच्या टिचभर सावलीत एक आबा बसले होते. (या भागात निम्मे म्हातारे आबा असतात आणि उरलेले तात्या नाहीतर अण्णा, त्यामुळे ओळख फुटायची भीती नाही.)

“कुणाकडं आलायसा?”

“कुणाकडे नाही आबा, धरण बघायला आले.”

“पुण्याहनं? धरान बघाया?” आबांनी माझ्या चपलांकडे बघितलं. “आन् खडकवासल्याचं काय झालं मग?”

मी गप्प. मग आबाच बोलायला लागले. तरुण होते तेव्हा त्यांनीही वाळू उपसलीय, पाट्या टाकल्यात. त्या दिवसांबद्दल बोलताना त्यांच्या तोंडी ‘चळवळ’ हा शब्द एकदाही आला नाही. ‘त्या टायमाला आमी लई हिंडलो’ एवढंच. मी विचारलं, आता कसं आहे? त्यांनी हात लांब करून पलीकडचं रान दाखवलं. हिरवंगार. ऊस.

“टेंभूचं पानी आलंय न्हवं आता. कोन ऐकतंय.”

टेंभू म्हणजे कराडजवळचं गाव. गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव म्हणून सामान्यज्ञानाच्या परीक्षेत येतं ते. तिथे कृष्णेचं पाणी अडवून मोठमोठ्या पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवायचं आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी, पार सांगोल्यापर्यंत न्यायचं, अशी ही उपसा सिंचन योजना. काम १९९० च्या दशकात सुरू झालं, पण पाणी पोचता पोचता एक पिढी म्हातारी झाली. ते आपोआप पोचलेलं नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी आटपाडीला वर्षानुवर्षं पाणी परिषदा घेतल्या, हजारो शेतकरी तिथे जमले. मागणी नुसती ‘पाणी द्या’ एवढीच नव्हती. ‘समान द्या’ अशी होती. बलवडीच्या छोट्या भिंतीवर आखलेलं गणित आता अख्ख्या तालुक्यांसाठी मांडलं जात होतं.

पाणी आलं. त्याने या भागाचा चेहरामोहरा बदलला हे नाकारण्यात अर्थ नाही. मे महिन्यात इथे टँकरच्या मागे धावणाऱ्या बायका होत्या, तिथे आज डाळिंब आहे, द्राक्ष आहे, दुभती जनावरं आहेत. शहरात बसून ‘ऊस लावू नका हो’ म्हणणं आपल्याला फार सोपं आहे. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, कारखान्याचा ट्रॅक्टर बांधावर येतो, भाव ठरलेला असतो. टोमॅटो रस्त्यावर ओतायची पाळी ज्याच्यावर आलीय त्याला ऊस म्हणजे एफडी वाटते. मी त्याच्या जागी असते तर बहुतेक ऊसच लावला असता. पण मग नदीकाठच्या घराघराला वाटा, त्या गोष्टीचं काय?

आबांच्या पलीकडे एक मावशी जनावरांसाठी कडब्याची पेंढी बांधत होत्या. त्यांची स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याच्या रानात रोजगाराला जातात. मी त्यांनाही पाण्याचं विचारलं.

“पानी आलं की गं बाई. पर रानच न्हाई तर पानी काय भिताडाला पाजायचं?” पेंढीची गाठ आवळत त्या म्हणाल्या, “रोज हाय मातूर आता, बारमाही. आदी तेबी नव्हतं.”

दोन वाक्यांत त्यांनी जे सांगितलं त्यावर लोक पीएच.डी. करतात. पाणी आल्याने मजुरी मिळाली. वाटा मिळाला असता तर त्या मजूर राहिल्या असत्या का, हा प्रश्न तसाच राहिला.

सोनं वितळवणारी पोरं

आता त्या ग्रॅनाइटच्या बंगल्यांकडे येऊ.

विटा आणि आसपासच्या गावांत ‘गलाई’ हा शब्द तुम्हाला पावलोपावली ऐकू येईल. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं. जुना दागिना मुशीत आटवायचा, तेजाबाने त्यातलं तांबं-चांदी वेगळं करायचं, चोख सोनं काढून द्यायचं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कडेगाव आणि साताऱ्याच्या माण-खटावमधली पोरं पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यात आहेत, आणि धंदा गावात नाही तर अख्ख्या देशात पसरलेला. कोईमतूर असो, कोलकाता असो, कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात मागच्या बोळात जा. धुरकट खोलीत भट्टीसमोर बसलेला माणूस तमिळ किंवा बंगाली झोकात बोलत असेल आणि फोनवर मात्र ‘काय म्हन्तोयस?’ करत असेल.

जिथे पाणी नव्हतं तिथली माणसं सोन्याच्या मागे गेली, हे वाक्य लिहायला छान वाटतं. प्रत्यक्षात सुरुवातीला दहा-बारा वर्षांचं पोर कुणा पाहुण्याच्या दुकानात भांडी घासायला जायचं, भट्टी फुंकायचं, ॲसिडच्या धुरात खोकायचं आणि काही वर्षांनी जमलं तर स्वतःची खोली घ्यायचं. सगळ्यांचे बंगले झाले नाहीत. ज्यांचे झाले त्यांच्या बंगल्यांना वर्षातले दहा महिने कुलूप असतं. यात्रेला, दिवाळीला, लग्नसराईला कुलपं निघतात, परराज्यांच्या नंबरप्लेटच्या गाड्या देवळासमोर लागतात, आणि आजीशी मराठीत बोलताना अडखळणारी नातवंडं अंगणात क्रिकेट खेळतात.

माझ्या शेजारी एसटीत बसलेला पंचविशीतला मुलगा असाच सुट्टीवर आलेला होता. बी.कॉम. केलेलं, पण दक्षिणेत काकाच्या दुकानात. मी म्हटलं, आता इथे पाणी आलंय, परत येशील का? तो हसला. “ताई, पाणी आलंय, पण पोरगी द्यायला अजून शेतकऱ्याला कुणी तयार नाही. सोन्याच्या दुकानात आहे म्हटलं की स्थळं येतात.” पुढच्या स्टॉपला उतरण्याआधी त्याने मला त्याच्या रानाचे फोटो दाखवले. वडील आणि आई दोघंच बघतात. फोटोत डाळिंबाची नवी लागवड होती, ठिबकच्या काळ्या नळ्या, आणि एका कोपऱ्यात वडिलांची टोपी. फोन ठेवताना म्हणाला, “पन्नाशीला येईन परत. तोवर हे दोघं तग धरायला पाहिजेत.”

त्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला

येरळा जिथे कृष्णेला मिळते ते ब्रह्मनाळ विट्याहून फार लांब नाही, पलूस तालुक्यात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हे गाव देशभराच्या बातम्यांत आलं. ८ ऑगस्टला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी माणसं बुडाली. त्यांत बायका आणि लहान मुलं होती. तेव्हा कृष्णा आणि कोयनेच्या पाण्याने सांगली शहर गळ्यापर्यंत बुडालं होतं, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, त्याच पावसाळ्यात, लोक आभाळाकडे बघत बसले होते.

एकच जिल्हा, एकच नदी. वरच्या अंगाला वाटीने पाणी भरणाऱ्या बायकांची आठवण आणि खालच्या अंगाला ही आठवण. पुराचं पाणी उचलून दुष्काळी भागाला द्या, अशी मागणी २०१९ नंतर जोरात आली. टेंभूसारख्या योजनांमधून ते शक्य आहे, असं अनेकजण सांगतात. पण ते पाणी माळावर पोचल्यावर कुणाच्या रानात जायचं, हा प्रश्न पंप सोडवत नाही. तो बलवडीने एकदा बसून सोडवला होता, तेही एक्सेल शीट नसताना.

जायचंय?

पुण्याहून कराड साधारण १६० किलोमीटर, हायवेने. कराडहून गुहागर–विजापूर रस्त्याने कडेगावमार्गे विटा. ट्रेनने यायचं तर पुणे–मिरज लाइनवर किर्लोस्करवाडीला उतरा. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर हे गाव वसवलं. शेजारीच कुंडल आहे, १९४३ नंतरच्या प्रतिसरकारचं केंद्र. क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांचा हा मुलूख. नव्वदच्या दशकात बलवडीत बेचाळीसच्या क्रांतिकारकांच्या आठवणीसाठी झाडांचं ‘क्रांतिस्मृतिवन’ उभारायचा उद्योगही संपतरावांनी केला. पुतळ्यांपेक्षा झाडं बरी, निदान सावली तरी पडते.

हाताशी अर्धा दिवस असेल तर सागरेश्वर करा. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून तयार केलेलं हे अभयारण्य. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सांबर, चितळ दिसतात, नशीब असेल तर अगदी जवळून. पायथ्याचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. आटपाडीकडे वळलात तर खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा आणि तिथला खिलार बैलांचा बाजार चुकवू नका. ती शिंगं आणि तो ताठा बघून बुलेटवाले गप्प होतात.

राहायला विट्यात साधी लॉज आहेत. जेवायला मटणाच्या खानावळी आणि भाकरी, दोन्ही फर्स्ट क्लास. व्हेज असाल तर शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही मागा, न मागताही येईल. चपला मात्र बदलून जा. धरणाकडच्या वाटेवर काटे आहेत, आणि आबा बघतात.

मी गेले त्या दिवशी भिंतीच्या मागे पाणी होतं, फार नाही. दोन पोरं भिंतीवरून उड्या मारत होती. त्यांना विचारलं, हे धरण कुणी बांधलं माहितीय का? मोठा म्हणाला, “सरकारनं.” धाकटा लगेच म्हणाला, “न्हाई, माझ्या आज्यानं.” आणि दोघंही पाण्यात पडले.